पॅडलवरचं झाकण

एकतीस वर्षं ब्रेक प्रेसवर पत्रा वाकवून माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. आमच्या धंद्यात याला पदवी समजतात. नव्या कारखान्यात कामाला गेलं की मालक कागद नंतर बघतो, आधी हात बघतो. मी हात पुढे केले की मालक खूश व्हायचा आणि मी मनातल्या मनात ओशाळायचो. कारण ही बोटं वाचवायला ज्यांनी शिकवलं, त्या भिका नानांच्या उजव्या हाताला दोनच बोटं राहिली, आणि बाकीची कशी गेली याची एक खोटी गोष्ट मी सुरतेत वर्षानुवर्षं सांगत फिरलो. दिवाळी अंकाच्या मंडळींनी कामातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती आहेत थोड्या. पण आता थकलोय, त्यामुळे फार फिरवून सांगणार नाही. नानांचं नाव माझ्या तोंडाने खराब झालं आहे. ते माझ्याच हाताने धुवायचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या खानदेशातली माणसं सुरतेला आली की लूमवर लागतात, नाहीतर डाईंगच्या मिलात. मीही लूमवरच लागलो होतो. पण कापसाच्या तुसाने छाती भरायला लागली आणि रात्रंदिवसाचा तो खडखडाट डोक्यात बसला. शेजारच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं, सुरतेजवळच्या सचिन गावच्या जीआयडीसी वसाहतीत आपल्याकडचे एक नाना आहेत, पत्र्याच्या कारखान्यात, त्यांना भेट. भेटलो. नानांनी माझं गाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. म्हणाले, "हात दखाड." मी हात दाखवले. त्यांनी उलटेपालटे करून बघितले, करंगळीतली तांब्याची अंगठी काढून माझ्या खिशात घातली आणि म्हणाले, "हाई आते घर ठेव."

ब्रेक प्रेस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं तसं सोपं आहे. तुमच्या घरातलं लोखंडी कपाट बघा. त्याच्या दाराची कड आत वळलेली असते. ती हातोडीने ठोकून वळत नाही. खाली व्ही आकाराची खाच असलेली लांबलचक डाय, वर तेवढाच लांब पंच. मध्ये पत्रा ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, पंच खाली येतो आणि पत्र्याला घडी पडते. मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणणारी माणसं जगात मान मिळवतात. आमच्याकडे असला पत्रा आला की आम्ही तो भंगारात टाकतो.

मशीनच्या बाजूला एक मोठं चाक असतं, दोन माणसांना उचलणार नाही असं. मोटर त्या चाकाला फिरवते. पॅडल दाबलं की चाकाचा सगळा जोर पंचाला मिळतो. आता यातली बारीक गोष्ट अशी की, मोटर बंद केली म्हणून चाक लगेच थांबत नाही. आपल्याच वजनाने ते चार-पाच मिनिटं फिरत राहतं, पुन्हा जाळीआड असतं, आवाजही फारसा करत नाही. तेवढ्यात कोणी पॅडल दाबलं तर पंच खाली येतोच. बटण बंद असो की चालू, त्याला फरक पडत नाही. आणि खाली पत्रा आहे की बोट, हेही त्याला कळत नाही.

नाना म्हणायचे, "चाकमा जीव ऱ्हास. पहिले तो काढी टाक." म्हणजे मोटर बंद केल्यावर डायमध्ये जाड भंगार पट्टी ठेवायची आणि चाक दमून थांबेपर्यंत दोन-तीनदा पॅडल मारायचं. मग खुशाल हात आत घाला, डाय बदला, तेल लावा.

नानांचा दुसरा नियम माणसांचा होता. मोठा पत्रा असला की मशीनवर दोघं लागतात, एक पत्रा धरायला, एक जोडीला. अशा वेळी एकाचा हात आणि दुसऱ्याचा पाय असं झालं की घात झालाच म्हणून समजा. "ज्याना हात मझार, त्यानाच पाय पॅडलवर," नाना सांगायचे. आत हात घालणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा पाय पॅडलजवळ दिसला तर ते पायावर पट्टी मारायचे. मीही खाल्ली आहे. जोडीदार होता पत्र्याखाली, मी कंटाळून एक पाय सहज पॅडलवर टेकवला होता, जसा रिक्षावाला टेकवतो तसा. पट्टी बसल्यावर तीन दिवस लंगडत होतो.

पॅडलवर नानांनी स्वतः पत्र्याचं झाकण करून बसवलं होतं. वरून आणि बाजूने बंद, पुढून फक्त पायाचा पंजा जाईल एवढी फट. वरून पाना पडला, पत्रा पडला, तरी पॅडल दबू नये म्हणून. शेठ म्हणाले होते की याने काम सावकाश होतं, पाय घालायला आणि काढायला वेळ जातो. नाना म्हणाले, "व्हऊ द्या."

संध्याकाळी नळावर हात धुताना नाना सगळ्यांपुढे उभे राहायचे. आम्ही सात-आठ जण ओले पंजे उघडून दाखवायचो. "दहा?" "दहा, नाना." असं एकेकाला विचारून झाल्यावर ते स्वतःचे पंजे दाखवायचे आणि आम्ही विचारायचो, "दहा?" मग घरी. दुसऱ्या कारखान्यातली माणसं आम्हाला हसायची. म्हणायची, तुमच्याकडे हजेरी माणसांची घेतात की बोटांची?

एकदा बारडोलीचा एक ऊसवाला टेम्पोतून जाड प्लेट घेऊन आला. त्याला गुऱ्हाळासाठी मोठी काहील करायची होती, कडा वर वाकवलेल्या.  आमचं मशीन पातळ पत्र्याचं, ही प्लेट त्याच्या तिप्पट जाड. ऊसवाला गोड बोलणारा होता, गुळाची एक ढेप आधीच शेठच्या टेबलावर ठेवून बसला होता. शेठ आमचे रमणशेठ, मनाने वाईट नव्हते, पण कोणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणाले, "भिकाभाई, एक वार ट्राय तो करो." नाना चालत गेले आणि पॅडलच्या झाकणावर मांडी घालून बसले. "पहिले माले वाकाव," ते ऊसवाल्याला म्हणाले, "मंग तुनी पलेट." शेठ आधी रागावले, मग हसायला लागले. प्लेट जशी आली तशी परत गेली. गूळ मात्र राहिला, आणि आठवडाभर आम्ही चहात तोच घातला.

या झाकणाची एवढी लांबण मी मुद्दाम लावली आहे.

आता दसऱ्याचं सांगतो. प्लेगच्या पुढच्या वर्षीचा दसरा होता. प्लेगमध्ये अर्धी सुरत पळाली होती, मीही बायकोला घेऊन गावाला पळालो होतो. वर्षभर कारखान्यात काम साचलेलं होतं. म्हणून शेठनी ठरवलं की या वर्षी पूजा जोरात करायची. आदल्या दिवशी मशीन रॉकेलने धुतलं, पुसलं. पॅडलचं झाकण काढून त्याला हिरवा रंग दिला आणि वाळायला भिंतीशी उभं केलं. सकाळी रंग अजून ओलाच होता.

त्या सकाळी काम करायचं नव्हतं. पण सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या एका साडीवाल्याच्या दुकानाचं त्याच दिवशी दुपारी उद्घाटन होतं आणि त्याच्या रॅकच्या सहा पट्ट्या राहिल्या होत्या. तो स्वतः येऊन उभा राहिला. नाना म्हणाले, सहाच तर आहेत, मीच करतो. आणि उघड्या पॅडलवर, झाकणाशिवाय, नानांनी त्या सहा पट्ट्या वाकवल्या. सगळा हात त्यांचाच, पाय त्यांचाच, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

शेवटची पट्टी निघाली आणि महाराज दारात आले. पूजा सांगणारे गुजराती महाराज, सकाळपासून एका कारखान्यातून दुसऱ्यात पळत होते. "जल्दी करो भाई, मारे हजी चार कारखानां बाकी छे," म्हणत त्यांनी चपला काढल्या. नानांनी मोटर बंद केली. भंगार पट्टी घ्यायला ते वळलेही होते. पण महाराजांनी ताट पुढे केलं, शेठनी हात जोडले, आणि नाना थांबले. देवाच्या कामात लोखंडाचा आवाज नको, असं त्यांना वाटलं असेल. चाकातला जीव काढायचा राहिला.

आमच्याकडची पद्धत अशी होती. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने मशीनला कुंकू लावायचं आणि डायच्या खाचेत झेंडूचं फूल ठेवायचं. दुसऱ्याने नारळ फोडायचा. त्या वर्षी नारळ नानांनी माझ्या हातात दिला होता. मला फार बरं वाटलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा.

नारळ दर वर्षी मशीनसमोरच्या फरशीवर फोडत. पण त्या वर्षी पाय घसरू नये म्हणून मशीनपुढे रबराची चटई टाकली होती. टाकायला मीच सांगितलं होतं. चटईवर नारळ फुटायचा नाही. मी खाली वाकून टणक काही शोधत होतो आणि समोर पॅडल दिसलं, लोखंडाचं, उघडं, पुसून चकचकीत, कुंकवाचा टिळा लावलेलं. महाराज डोळे मिटून मंत्र म्हणत होते. शेठ डोळे मिटून उभे होते. बाकीची माणसं मागे होती. महाराजांनी "हं" म्हणून मान हलवली, आणि मी दोन्ही हातांनी नारळ पॅडलवर आपटला.

नारळ फुटला नाही. पॅडलला खाली स्प्रिंग असते, ते दबलं आणि नारळ माझ्या हातातून उडून मशीनच्या मागे गेला. वर नाना डायमध्ये फूल ठेवत होते.

पुढचं मला लिहिता येत नाही आणि कोणी वाचूही नये. ते ओरडले नाहीत एवढंच सांगतो. पंच वर गेला तेव्हा त्यांनी हात काढून छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून गुडघ्यांवरच होतो. त्यांनी पॅडलकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, आणि कळलं हे मलाही कळलं.

शेठ हबकून गेले. "पेडल कोणे दाब्युं? कोणे दाब्युं?" असं विचारत ते आमच्या सगळ्यांच्या पायांकडे बघत होते. कोणाचाच पाय तिथे नव्हता, नानांखेरीज.  तेवढ्यात नाना म्हणाले, "मनाच पाय पडना, शेठ."

टेम्पोत बसवून दवाखान्यात नेताना ते माझ्या खांद्याला टेकले होते. मी एकदा म्हणालो, "नाना, मी..." ते म्हणाले, "चूप ऱ्हाय." पुढे तपासाला सरकारी साहेब आले, त्यांनाही नानांनी तेच सांगितलं. स्वतःचाच पाय पडला म्हणून. साहेबांनी मलाही विचारलं. मी म्हणालो, "मी नारळ घेऊन खाली वाकलो होतो, मला दिसलं नाही." पुरता खोटा शब्द एकही नव्हता त्यात. असं खरं बोलणं खोट्यापेक्षा वाईट असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

का गप्प राहिलो? भ्यायलो होतो. बायको नुकती परत सुरतेला आली होती, पोटुशी होती. काम गेलं तर पुन्हा लूमवर जावं लागेल, या भीतीने माझी झोप उडाली होती. मी स्वतःला सांगितलं की नानांनीच गप्प बसवलं आहे, आपण त्यांचा शब्द मोडायचा नाही. सोयीचा शब्द मोडायचा नसतोच कधी.

नारळ दोन दिवसांनी झाडताना सापडला, अख्खा. माणसं म्हणाली, नारळ फुटला नाही तेव्हाच कळलं, देवीचा कोप होता. मी मान हलवली.

नाना दोन महिन्यांनी परत आले. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी. मशीन चालवणं संपलं होतं. शेठनी त्यांना स्टोअरला बसवलं, पान्यांची आणि डायची मोजदाद ठेवायला. संध्याकाळी नळावर आम्ही पंजे धुवून चुपचाप निघू लागलो, तर ते समोर येऊन उभे. "दहा?" म्हणाले. सगळ्यांनी खाली मान घालून दहा, दहा म्हटलं. मग त्यांनी आपले पंजे पुढे केले आणि वाट बघत उभे राहिले. कोणी विचारेना. शेवटी स्वतःच म्हणाले, "सात," आणि हसले. त्यानंतर वर्षभरात ते कायमचे गावाला गेले, अमळनेरकडे.

मशीन माझ्याकडे आलं. मी नियम कडक केले. पूजेच्या आदल्या संध्याकाळपासून मशीन बंद. झाकणाला कुलूप, चावी माझ्या गळ्यात. नारळ बाहेर, दारात फोडायचा. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला मशीनपुढे उभा करून मी सांगायचो, "आमचे उस्ताद होते, इतकी वर्षं एक ओरखडा नाही. एका दिवशी लक्ष चुकलं, स्वतःचाच पाय पॅडलवर पडला, आणि बोटं गेली. उस्तादाचं असं झालं तर तू कोण?" गोष्ट फार लागू पडायची. माणसं पाय सांभाळायला लागायची. मी कारखाने बदलले, गोष्ट बरोबर नेली. माझ्याकडून शिकलेले पुढे उस्ताद झाले आणि त्यांनीही तीच सांगितली. एकदा उधन्याच्या एका कारखान्यात, मला न ओळखणाऱ्या माणसाने ती मलाच सांगितली. त्यात नाना पूजेच्या दिवशी दारू प्यायलेले होते.

नानांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण तिथे बोललोही नाही.

निवृत्त झालो. गुडघे गेले, ऐकायला कमी येतं, दुपारी झोपलं तरी थकवा जात नाही. हा अंकाचा निरोप आला तेव्हा ताप्ती लाईनची गाडी पकडून नानांकडे गेलो. इतक्या वर्षांत दोनदाच गेलो होतो, दोन्ही वेळा लग्नाच्या गर्दीत. नाना अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही आता. "नाना, मी सुका," असा मी आवाज दिला, तर त्यांनी हात पुढे केले, माझे दोन्ही पंजे धरले आणि डाव्या हाताने एकेक बोट चाचपत गेले.

"दहा?" त्यांनी विचारलं.

"दहा, नाना."

"मंग बरं शे."

मला तिथे रडू आलं. म्हातारपणी माणूस सहज रडतो, पण हे तसलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. नारळ सांगितला, साहेबांपुढचं बोलणं सांगितलं, आणि पंचवीस-तीस माणसांना तुमचा पाय पडला म्हणून शिकवलं, तेही सांगितलं.

"नारय मी देखेल व्हता," नाना म्हणाले. "नि ती गोष्टबी माले माहीत शे. सचिनथून एक जन येल व्हता, त्यानी माले मनीच गोष्ट सांगी. मी दारू पेल व्हतो म्हने."

"मग तुम्ही त्याला सांगितलं नाही?"

"काय सांगू? मी त्याना हात देखात. दहा व्हतात."

 मी विचारलं, "नाना, त्या दिवशी तुम्ही तसं का म्हणालात?"

ते म्हणाले, "हात मना व्हता मझार. चाकमा जीव शे का नही, ते मी देखाले पाहिजे व्हतं. तुनी बायको पोटुशी व्हती." मग जरा थांबून म्हणाले, "पन सुका, तू एकदाव तरी एकटा येता ना, हाई सांगाले. इतला वरीसमा एकदाव. मी वाट देखी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता.

मी म्हणालो, "आता लिहितो. दिवाळीच्या अंकात छापून येईल. सगळं खरं लिहितो."

"लिख," ते म्हणाले. "पन पॅडलवरनं झाकन काढेल व्हतं, ते पहिले लिख. लोके नारयनी गोष्ट ध्यानमा ठेवतीन नि झाकन इसरी जातीन."

ते मी लिहिलं आहे, नाना. वर, नारळाच्या आधी. ज्याच्या कारखान्यात अजून पॅडलचं मशीन असेल त्याने आज जाऊन झाकण बघावं, आणि मोटर बंद झाल्यावर चाक बघावं.

आणि माझ्याकडून जे शिकले, सचिनला, उधन्याला, जिथे कुठे आता असतील, त्यांच्यासाठी एवढंच. मी तुम्हाला जी गोष्ट सांगितली ती खोटी होती. भिका नानांचा पाय त्या दिवशी पॅडलवर नव्हता. पॅडलवर नारळ होता, आणि तो माझ्या हातात होता.